चार बोल्ट, चार फेऱ्या

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते घोट्यापर्यंतच. बाबांच्या गॅरेजमध्ये ती एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होती, आणि शेजारी येऊन थांबले दोन बूट. लख्ख पॉलिश, पण एकाची नाडी सुटलेली.

"कुणी आहे का?"

"आहे की! आधी नाडी बांधा, पडाल."

बूट दचकून मागे सरकले. ती सरपटत बाहेर आली तेव्हा तो खरंच वाकून नाडी बांधत होता. कपाळावर भिंग तसंच राहिलेलं. घड्याळं दुरुस्त करायचा तो.

"मामांची गाडी आहे," बाहेरच्या जुन्या, फुगऱ्या गालांच्या हिरव्या गाडीकडे बोट करत तो म्हणाला. "मामा गेले, आता माझ्याकडे आलीय. गिअर टाकला की मागून टक् होतं. वेग घेतला की थरथरते."

"इंजिन पुढे आहे, पण ओढतात मागची चाकं," ती समजावू लागली. "इंजिनाचं फिरणं मागे नेतो मधला लांब नळा, प्रोपेलर शाफ्ट. त्याला आपल्या मनगटासारखा सांधा असतो. त्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, झिजलाय. शाफ्ट उतरवावा लागेल."

"रविवारपर्यंत होईल? दूरच्या शहरात मनोऱ्याचं घड्याळ सांभाळायची नोकरी मिळालीय. मामीला घेऊन जायचंय... कायमचं. तिची कंबर नाजूक आहे, थरथर सोसायची नाही."

"होईल," ती म्हणाली. त्या 'कायमचं'कडे तेव्हा तिचं लक्ष नव्हतं.

पण तो रोज येऊ लागला. गाडी बघायला, म्हणे! "गाडी इकडे उभी, आणि स्वारी बघते तिकडे," स्टुलावर बसलेले तिचे बाबा पुटपुटायचे. गुडघे गेल्यापासून ते फक्त बघायचे, आणि त्यांना सगळं दिसायचं.

बाबांचा एकच नियम होता: आधी खूण, मग पाना. शाफ्ट मागे जिथे जोडलेला असतो, तिथे दोन्ही तुकड्यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढायची, म्हणजे परत बसवताना रेघेला रेघ जुळवता येते. शुक्रवारी रंगाचा डबा शोधायचा राहिला, कारण घड्याळवाला काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. तिने खडूचीच रेघ ओढली.

शनिवारी सकाळी नवा क्रॉस बसवून तिने शाफ्ट रॉकेलने स्वच्छ धुतला. पुसताना हात एकदम थांबला. रेघ...?

बाबांनी नुसता रंगाचा डबा तिच्यापुढे सरकवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तो आल्यावर ती सरळ म्हणाली, "चूक माझी आहे. खूण पुसली गेली. शाफ्ट पूर्वीच्याच जागी बसला नाही तर गाडी थरथरत राहील. चार बोल्ट म्हणजे चार जागा. एकेक बसवून, चालवून बघावं लागेल."

"म्हणजे चार फेऱ्या? तुमच्याबरोबर?"

"मग काय बाबांबरोबर?"

"नको, नको," तो घाईघाईने म्हणाला. "हेच ठीक आहे."

बाबांच्या पद्धतीप्रमाणे तिने त्याच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला आणि स्टिअरिंग स्वतः धरलं. पाणी सांगेल ते खरं. पहिल्या फेरीत पाण्याने त्याची पँट भिजवली. परत येऊन तिने बोल्ट सोडले, शाफ्ट पाव वळसा फिरवला, पुन्हा आवळला. दुसऱ्या फेरीत बारीक पाऊस लागला. काच धुकट झाली, गाडी वेगात आली... आणि पेल्यातलं पाणी आरशासारखं पडून राहिलं.

आनंद व्हायला हवा होता. तिने मात्र गाडीचा वेग कमी केला. आता हा म्हणेल, झालं! आणि उद्या जाईल.

त्याने पेल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं.

"तहान लागली होती," तो म्हणाला. "अजून जराशी... थरथरतेय, नाही?"

घड्याळाचा एक ठोका चुकला तरी ज्याला शेजारच्या खोलीतून ऐकू येतो, तो माणूस हे म्हणत होता! ती रस्त्याकडे बघत राहिली.

"हो," ती हळूच म्हणाली. "थरथरतेय खरी."

तिसऱ्या फेरीत दात वाजले, चौथीत आरसा निखळला. दोघंही हसत होते.

संध्याकाळी ती शेवटचं गाडीखाली शिरली. शेजारी बूट येऊन थांबले.

"आता कुठल्या जागी बसवताय?"

"...दुसऱ्या."

बूट एक पाऊल जवळ आले. मग हळूच आवाज आला, "म्हणजे तुम्हालाही कळलं होतं?"

"तुम्ही पाणी का प्यायलात?"

"अजून दोन फेऱ्या हव्या होत्या मला. तुमच्या शेजारी बसून." तो थांबला. "उद्यापासून कुठून मिळणार?"

तिने शेवटचा बोल्ट आवळला. या वेळी रंगाची पांढरी रेघ ओढली, ठसठशीत.

"नवा क्रॉस आहे. तपासायला आणावा लागतो."

"कधी?"

"बाबा म्हणतात, महिन्याने."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणते... पुढच्या रविवारी."

नाडी पुन्हा सुटली होती. तिने गाडीखालूनच हात लांबवला आणि ती बांधली. पॉलिश केलेल्या बुटावर तिच्या तेलकट बोटांचे तीन काळे ठसे उमटले.

पुढच्या रविवारी ती कुणाच्या तरी गाडीखाली होती. शेजारी दोन बूट येऊन थांबले. एक लख्ख चमकत होता. दुसऱ्यावर ते तीन ठसे, जसेच्या तसे.