दोन डब्यांतलं गाऱ्हाणं

मुलुंडला दर्शना गेली ती एक डबा बसवायला. डाळ-तांदळाचा डबा नव्हे. काळा, पावाच्या लादीएवढा, पोटात डिस्क आणि मागे शेपटीसारखी वायर. घरातले फोटो, व्हिडिओ, आवाज साठवून ठेवतात तसला. असाच एक तिच्या बोरीवलीच्या घरी टीव्हीखाली होता. मध्यंतरी तो दाताखाली खडा आल्यासारखा कडकडला आणि तिचा नवरा सुबोध पांढराफटक पडला. त्याच्या वडिलांचा, राजारामांचा आवाज त्या एका डब्यातच होता, दुसरीकडे कुठे नाही. आणि राजाराम जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"एवढा घाबरतोस कशाला?" दर्शना म्हणाली. ती नोकरीनेच कॉम्प्युटरवाली. "दुसरा डबा मुलुंडला आईंकडे ठेवू. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, रोज आपोआप उतरेल. एका घरात पुसलं गेलं तर दुसऱ्या घरातून परत येईल. कायमचं म्हणून काही जाणारच नाही."

हे बोलताना तिला केवढं बरं वाटलं होतं.

राजाराम मालवणी माणूस. सारी उमर गिरणीत गेली, पण गावची रीत सोडली नाही. घरात नवीन काही आलं, फ्रिज म्हणा, स्कूटर म्हणा, की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. 'बा देवा महाराजा' म्हणून खडा आवाज लावला की खालच्या मजल्यावरची कुकरची शिटीसुद्धा ऐकू येत नसे. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागायचे, मग थांबायचे, आणि सगळ्यांनी म्हणायचं, "होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज नात गार्गीचा. आजोबांनी तिला तिच्या बोबड्या वयात शिकवून ठेवलं होतं, "होय म्हटल्याबिगर गाऱ्हाणां पोचणा नाय गो. मी थांबलंय काय तू म्हणूचां."

तर मुलुंडला दर्शनाने डबा टेबलावर ठेवला, वायर हातात घेतली, तशी सासूबाई, द्रौपदीबाई, आडव्या आल्या.

"थांब गो. नवी वस्तू, आणि गाऱ्हाण्याबिगर चालू करतस?"

"पण घालणार कोण आई? ह्यांना येतं का?"

सुबोध छताकडे बघायला लागला.

"आजोबांचं लाव ना!" गार्गी म्हणाली. "घरच्या डब्यातलं मोबाईलवर लागतं ना ते."

द्रौपदीबाईंचा चेहरा उतरला. "नको गो बाय. गाऱ्हाणां जित्या माणसान घालूचां. ते आता आयकणाऱ्यांत गेले, देवापितरांत. त्यांच्या तोंडान मागलां तर... ता कोणासाठी मागलां म्हणूचां?"

"आई, रेकॉर्डिंग आहे ते," सुबोध म्हणाला. "चल, नारळ दे इकडे."

लावलं. राजारामांचा आवाज त्या छोट्या खोलीत असा भरला की देवापुढची ज्योत आडवी झाली. जिथे थांबायचं तिथे ते थांबले आणि सगळ्यांनी म्हटलं, "होय महाराजा!" द्रौपदीबाईंचे नुसते ओठ हलले. दर्शनाने वायर खोचली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला.

सासूबाई रात्री निजताना घरातली सगळी बटणं बंद करायच्या, म्हणून दर्शनाने बॅकअपची वेळ दिवेलागणीची ठेवली. तेव्हा दोन्ही घरांतले डबे एकमेकांशी बोलायचे आणि तिच्या मोबाईलवर निरोप यायचा, सगळं सारखं आहे. दोन-चार संध्याकाळी बऱ्या गेल्या. मग निरोप बदलला. मुलुंडकडे एक फाईल बदलली आहे, नवीन उतरवून घेतली.

रोज तीच फाईल. गाऱ्हाण्याची.

डिस्क खराब निघाली की काय, म्हणून दर्शनाने स्वयंपाकघरात कुकर चढवता चढवता ती लावली. सुरुवात तीच. नारळाचा मान, घरादाराचं बरं, सगळं तेच. पण मधले 'होय महाराजा' गायब. जिथे माणसांचा गलका हवा, तिथे नुसती घरघर, छातीत कफ असलेल्या माणसाच्या श्वासासारखी. आणि शेवटी, जे राजाराम कधी बोललेच नव्हते, ते...

"...माका हयसर एकट्याक गमणा नाय. सोबतीक कोणाक तरी धाड रे महाराजा..."

मग शांतता. आवाज संपल्याची शांतता नव्हती ती. कोणीतरी वाट बघत थांबलं होतं.

दर्शनाने मोबाईल बंद केला. बाहेरच्या खोलीतून गार्गीने विचारलं, "आजोबांचं लावलंस? मी येऊ?"

"नको! तू अभ्यास कर तुझा!"

तिने फाईल पुसली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती मुलुंडहून परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. तिनेच तसं करून ठेवलं होतं ना. सुबोधला सांगितलं तर तो म्हणाला, "तू जरा रजा टाक, यार." त्याला लावून दाखवायचा तिला धीर झाला नाही.

मग एका संध्याकाळी गार्गी खाली खेळायला गेली असताना तिने इयरफोन कानाला लावून ऐकलं. आता 'कोणाक तरी' राहिलं नव्हतं.

"...नात माझी गार्गी. तिका माझ्या सोबतीक दी रे महाराजा..."

आणि पुन्हा ते वाट बघणं.

दर्शनाने घरातली नेटची वायर हिसडून काढली आणि सासूबाईंना फोन लावला. "आई, तो डबा बंद करा. आत्ताच्या आत्ता. वायर ओढून काढा."

पलीकडून द्रौपदीबाईंनी अगदी हळू विचारलं, "गार्गीचां नाव घेतल्यानी मां?"

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?"

"रोज आयकतंय मी."

"आई, त्या डब्याला स्पीकरच नाही! आवाज येणारच कुठून?"

"ता तू माका नको विचारू." द्रौपदीबाईंचा श्वास लागला होता. "दिवेलागण झाली काय त्यांच्या तपकिरीचो वास सुटता. मग ते बोलतत. आणि थांबतत. पोरगी कधी हयसर इली आणि सवयीन होय म्हणान गेली तर? नुसती वायर काढून हे गप रवतले? संसार केलंय मी ह्या माणसाबरोबर. मागलेलां मिळाल्याबिगर जेवणारो नाय तो."

"आई, काय करताय? आई!"

"माझां नाव घेवा," द्रौपदीबाई म्हणाल्या. पण दर्शनाला नाही. "नातीचां नको. माझां घेवा."

फोनमध्ये घरघर झाली. आणि लांबून, पण स्पष्ट, तो खडा आवाज आला, "...बायको माझी द्रौपदी. तिका माझ्या सोबतीक दी रे महाराजा..."

"नका म्हणू! आई, नका—"

"होय महाराजा," द्रौपदीबाई म्हणाल्या. अगदी शांतपणे, चहा हवा का विचारल्यावर म्हणावं तसं.

सुबोधने बोरीवलीहून गाडी कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने दार उघडलं. द्रौपदीबाई टेबलापाशी खुर्चीत बसल्या होत्या, डोकं मागे टेकलेलं. मुठीत डब्याची वायर, भिंतीतून ओढून काढलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नाही. खोलीत तपकिरीचा वास होता. दर्शनालाच आला, सुबोधला नाही.

तेरावं झालं. मुलुंडचं घर बंद झालं. सुबोध टाकू देईना, म्हणून दर्शनाने तो डबा बोरीवलीला आणला, वायर गुंडाळली, पिशवीत घालून गाठ मारली आणि पिशवी पलंगाखाली अगदी भिंतीशी सरकवली. घरच्या डब्यातली गाऱ्हाण्याची फाईल पुसली. ह्यावेळी ती परत आली नाही. येणार कुठून?

घर हळूहळू माणसात आलं. सुबोध हसायला लागला, नेटची वायर पुन्हा खोचली गेली. एका संध्याकाळी दर्शना देवापुढे दिवा लावत होती. गार्गी पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. दर्शनाचा मोबाईल तिच्या शेजारी होता. तो टुणकन वाजला.

"आई, निरोप आलाय गं. मुलुंडहून एक नवीन फाईल उतरली म्हणे. लावू?"

"गार्गी, हात नको ला—"

"बा देवा महाराजा..."

बाईचा आवाज. द्रौपदीबाईंनी जन्मात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. ते बाप्यांचं काम, म्हणायच्या. पण आवाज त्यांचाच. मऊ, भाकरी थापता थापता बोलायच्या तसा.

"आजी!" गार्गी उठून बसली.

"...आमचां दोघांचां हयसर बरां आसा. पण नातीबिगर गमणा नाय रे महाराजा..."

आणि आवाज थांबला.

दर्शना धावली. दिवा कलंडला, तेल सांडलं, खोली चार पावलांची, पण ती चार पावलं काही संपेनात. आजोबांनी शिकवून ठेवलं होतं, मी थांबलंय काय तू म्हणूचां. गार्गीचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

"होय महाराजा!"

मोबाईल बंद झाला. घरात काही म्हणता काही झालं नाही. गार्गी खाली वाकून रंगपेटीतला हिरवा रंग शोधायला लागली.

पलंगाखाली, गाठ मारलेल्या पिशवीत, वायर गुंडाळून ठेवलेल्या त्या डब्याची डिस्क फिरायला लागली.