पक्ष्याचे पाऊल

दिगंबरराव गुण देण्यात कंजूष म्हणून जामबागच्या शाळेत तीस वर्षे ओळखले गेले. शंभरातले साठ हे त्यांचे आकाश. शेजाऱ्याचे पाहून लिहिणाऱ्या मुलाला त्यांनी कधी छडी मारली नाही. ते त्याची वही मिटून ठेवीत आणि तास संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहत. त्या पाहण्याची दहशत छडीहून अधिक होती. असा हा मास्तर निवृत्तीनंतर आपल्याच मुलाच्या धंद्याला गुण द्यायला निघाला, ती फाल्गुनातली एक साधी दुपार होती. रिक्षा अंबरपेठेच्या बाजारातून अडखळत चालली होती, आणि योगेश मोबाईलवर आलेले लोकांचे शेरे बापाला वाचून दाखवत होता.

"हे ऐका, बाबा. 'रूम जबरदस्त. अंधार खरा, दिव्याचा वास खरा. पाचातले चार.'"

"एक का कापला?"

"त्याच्यासाठीच तर तुम्हाला आणलं. शेवटची खूण चुकते म्हणतात."

"ती खूण कुणी केली?"

"मीच की."

"मग चुकणारच."

योगेश हसला. "हौ, बाबा. पण ह्या खेपेला पास तरी करा. दहावीला तुमच्याच विषयात गचकलो होतो मी."

एस्केप रूम हा काय प्रकार आहे, हे त्याने वडिलांना तीनदा समजावले होते. चार-पाच जणांनी पैसे मोजून स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचे, तासाभरात खुणा शोधायच्या, कुलपे उघडायची आणि सुटायचे. सुटका व्हावी म्हणून कोंडून घेणाऱ्यांचे दिगंबररावांना नवल वाटे. पण मुलाची नोकरी गेली होती, आणि बाजारावरचे ते दुसऱ्या मजल्यावरचे जुने घर चार वर्षे रिकामे पडले होते; त्यातच त्याने हा खेळ मांडला होता. बायको कुसुमताई गेल्यानंतर दिगंबरराव त्या घराची पायरी चढले नव्हते. कारण विचारले की गुडघे पुढे करीत.

जिन्यात योगेश थांबला. त्याचा आवाज उतरला होता.

"बाबा, आत जाण्याआधी एक सांगतो. रागावू नका. खेळाचं नाव 'दहावा दिवस' आहे. म्हातारी वारलेली असते, तिच्या जागी दिवा असतो, टोपलीखाली पीठ. आईचंच आहे ते सगळं. मी पुण्यात तापाने पडलो होतो, मला तिचं तोंडही दिसलं नाही. तुम्ही फोनवर सांगितलंत, दहा दिवस दिवा अखंड जळला, आणि दहाव्याला टोपली उचलली तर पिठात पक्ष्याचं पाऊल. उडाली म्हणालात, सुटली. त्या एका वाक्यावर मी ते दिवस काढले, बाबा. म्हणून खेळाची शेवटची किल्लीसुद्धा पक्ष्याचं चित्र असलेल्या डबीतच ठेवली."

दिगंबरराव कठडा धरून उभे राहिले. ते पाऊल त्यांनी पाहिलेच नव्हते.

साथीच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात, आता जिथे खेळ मांडला होता त्याच खोलीत कुसुमताई वारल्या. प्लास्टिकचे कपडे घातलेल्या चार माणसांनी त्यांना नेले. खालच्या मजल्यावरच्या भामाबाईंनी तोंडाला पदर लावून वर येऊन जागा सारवली, पीठ पसरले, दक्षिणेकडे वात करून दिवा लावला, पिठावर टोपली पालथी घातली आणि त्या मागे न पाहता उतरून गेल्या. दोन दिवस दिगंबररावांनी तेल घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ठसका लागला. खोलीतली हवाच आपल्याला गिळते आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी दार ओढून घेतले, बाहेरून कडी लावली, आणि जामबागला बहिणीच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन राहिले. परतले ते सात दिवसांनी, दहाव्या दिवशी. दिवा केव्हाच कोरडा पडला होता. टोपलीखाली काय आहे, हे पाहण्याचा धीर त्यांना झाला नाही. डोळे मिटून त्यांनी पीठ एका पिशवीत लोटले आणि अफझलगंजच्या पुलावरून मुशी नदीत सोडले. संध्याकाळी मुलाचा फोन आला.

भिणे हे पाप नव्हे. भीतीने केलेल्या कृत्याला सोज्ज्वळ नाव देणे, हे पाप आहे. दिगंबररावांना हे ठाऊक होते. ते मुलांना हेच शिकवीत आले होते.

वर सून स्वाती पडद्यासमोर बसली होती. आतल्या कॅमेऱ्याचे चित्र त्या पडद्यावर दिसे. ती उठून पाया पडली.

"या बाबा. आम्ही परेशान झालो आहोत. रोज चार बॅचा येतात. योगेश माझ्यादेखत पिठावर पक्ष्याचा ठसा उमटवतो, टोपली झाकतो. आणि आतली पोरं माइकवर ओरडतात, 'अक्का, चिड़िया का पैर किधर है? ये तो किसी औरत का पैर है!' मग चुकीची डबी उघडतात आणि वेळ संपतो. आम्ही आत जाऊन बघावं, तर पोरांनी पीठ विस्कटलेलं असतं."

"बॅच गेल्यावर तुम्ही दिव्याचं काय करता?"

"विझवतो. पुढच्या बॅचला परत लावतो."

"रोज चार वेळा?"

"हौ. रविवारी सहा."

दिगंबररावांनी एवढेच विचारले.

योगेशने त्यांच्यासमोर पीठ चाळले, सारखे केले, लाकडी ठसा दाबला. तीन बोटे पुढे, एक मागे. ठसा स्वच्छ उमटला. त्यावर त्याने टोपली पालथी घातली, दिवा लावला आणि बाहेर गेला. दार बंद झाले. बाहेर भर दुपार होती, बाजार होता, भाजीवाल्यांचे ओरडणे होते. ते सगळे एका क्षणात पुसले गेले. खिडक्यांना काळ्या फळ्या ठोकल्या होत्या. उरली ती दिव्याची एवढीशी ज्योत, आणि तिच्याभोवती दाटलेली खोली.

वरच्या कोपऱ्यातून स्वातीचा आवाज आला. "बाबा, अडलं तर हात वर करा हं. वर्गात करतात तसा."

त्यांनी वही काढली. परीक्षा म्हणजे परीक्षा. पलंग, फडताळ, भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ: मांडणीला दहातले सहा. पहिले कुलूप घड्याळाच्या काट्यांवरून उघडले, दुसरे पोथीच्या पानांवरून, कोड्यांना पाच. वासाला किती द्यावे, ते त्यांना ठरवता येईना. तो नुसता तेलाचा वास नव्हता. वात कोरडी होऊन जळते, तेव्हा जो करपट, घशाला लागणारा वास येतो, तो होता. आणि दिव्यात तेल तर काठोकाठ होते.

ते दिव्यापाशी खाली बसले. गुडघे खरेच दुखले.

मग आवाज आला. फार बारीक. अनवाणी पाय जमिनीवर ठेवताना होतो तेवढाच... दारापाशी... थांबला. पुन्हा टोपलीपाशी आला. पुन्हा दारापाशी गेला. घाई नव्हती त्यात. कुणीतरी येईल म्हणून वाट पाहणारे माणूस असेच फिरते.

दिगंबररावांनी टोपली उचलली.

पक्ष्याचा ठसा नव्हता. पिठात एका बाईची पावले होती, लहान, डाव्या पायाची करंगळी आत वळलेली. एक नव्हे, अनेक. एकावर एक, एकाच जागी, पीठ तुडवून तुडवून खालची फरशी दिसू लागेपर्यंत. आणि प्रत्येक पावलाची बोटे दाराकडे होती.

त्या करंगळीला त्यांनी लग्नात स्वतःच्या हाताने धरले होते. सप्तपदीच्या वेळी.

त्यांनी टोपली बाजूला ठेवली. नंतर त्यांनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"बोला, बाबा," वरून योगेशचा आवाज आला. "अडलं?"

"योगेश... मी खोटं बोललो."

त्यांनी हात खाली घेतला.

"दिवा दहा दिवस जळला नाही. तिसऱ्या दिवशी मी दाराला कडी लावून पळालो. त्रिवेणीआत्याकडे. दहाव्याला आलो, आणि पीठ न बघताच फेकलं. पक्ष्याचं पाऊल... ते मी रचलं. तुला बरं वाटावं म्हणून नव्हे. मला विचारू नयेस म्हणून."

दार उघडले. योगेश आत आला. त्याने वडिलांकडे पाहिले नाही; तो पिठाकडे पाहत होता. तो गुडघ्यांवर बसला, आणि आईच्या पावलाशेजारी त्याने बोट टेकवले, पावलाला नाही.

"म्हणजे ती इथेच होती," तो म्हणाला. "आणि मी तिकिटं लावून लोक आत सोडत होतो. दिवा लावायचो आणि... ती येईतो विझवायचो."

"तुला ठाऊक नव्हतं. मला होतं."

"तुम्ही वही मिटून माझ्याकडे बघायचात ना, बाबा, कॉपी केल्यावर..." स्वाती दारात उभी होती. तिने पुढे होऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सासऱ्याला म्हणाली, "आता काय करायचं, ते सांगा."

"पहिल्यापासून," दिगंबरराव म्हणाले.

त्या संध्याकाळी योगेशने सगळ्या बॅचा रद्द केल्या. खिडक्यांच्या फळ्या काढल्या. दाराची बाहेरची कडी उखडून टाकली. पीठ नवे पसरले, आणि दिगंबरराव दिव्याशेजारी सतरंजी टाकून बसले. दहा दिवस ते तिथून हलले नाहीत. मुलगा त्यांच्याशी कामापुरते बोले. जेवण आणून ठेवी, तेल आणून ठेवी. त्यांनीही त्याच्याकडे क्षमा मागितली नाही. मागून मिळणारी ती वस्तू नव्हे, हे त्यांना कळत होते. ते विष्णुसहस्रनाम म्हणत, आणि मधेच थांबून दाराकडे पाहत. पावले वाजत नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी न्हावी आला. क्षौर मुलाने करायचे असते, पण दिगंबररावांनी ते स्वतःचे करवून घेतले. डोके, मिश्या, दाढी. न्हाव्याने वस्तरा दोनदा फिरवला. बोडके झालेले ते तोंड पाहून स्वातीला भरून आले. आंघोळ झाली. पीठ विसर्जनाला न्यायला नवे मडके हवे होते. ते आणायला योगेश आणि स्वाती बाजारात गेले. जाताना योगेशने दार सताड उघडे ठेवले आणि त्याला वीट लावली.

मडके लगेच मिळाले. अर्ध्या तासात ते दोघे परतले. वीट जागच्या जागी होती, दार तसेच उघडे होते, दिवा जळत होता. दिगंबरराव दारापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसले होते. टोपली उचललेली होती.

"काय दिसलं, बाबा?" योगेशने विचारले.

"काही नाही. कोरं आहे."

"खरं?"

हा एक शब्द दिगंबररावांनी मान खाली घालून सोसला. "ये. तूच बघ."

योगेशने पाहिले. पीठ जसे पसरले होते तसेच होते, एक रेघही नव्हती. त्याने मोठा श्वास सोडला, दहा दिवसांत पहिल्यांदा. तो वडिलांना उठवायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याचे मनगट धरले. त्यांचे ओठ सुकून फुटले होते.

"पाणी दे आधी," ते पुटपुटले. "फार हाका मारल्या रे तुला... दार उघडेना. आज वार कोणता?"

"गुरुवार, बाबा. सकाळचाच. आम्ही आत्ताच तर गेलो होतो... दार उघडंच होतं."

"गुरुवार," दिगंबरराव म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. शिक्षा वाचून दाखवल्यावर माणूस ऐकून घेतो, तसे त्यांनी ते ऐकून घेतले.

स्वातीने पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. तिचा हात मधेच थांबला. तिने योगेशकडे पाहिले, आणि योगेशने वडिलांच्या गालावर तळहात ठेवला.

तासाभरापूर्वी वस्तऱ्याने गुळगुळीत केलेल्या त्या गालावर पांढरी दाढी होती. दाट, खरखरीत, हाताला टोचणारी. सात दिवसांची असावी, एवढी.