नाणेघाटातला जकातदार हत्ती

"नाणेघाटात जकात कोण गोळा करायचं?" शिंदेबाईंनी वर्गात विचारलं. मी हात वर केला आणि सांगितलं, "हत्ती."

वर्ग हसला असेलही. पण आमचा वर्ग पडद्यावर भरतो आणि बाई शिकवत असताना सगळ्यांचे माइक बंद असतात. छोट्या छोट्या चौकोनांतली तोंडं नुसती उघडली आणि मिटली.

"कुठला हत्ती, बिरू?" बाईंनी विचारलं.

"चष्मेवाला."

बाईंनी पुढचा प्रश्न दुसऱ्याला विचारला.

आम्ही माणदेशातल्या एका सूर्यशेतावर राहतो. सूर्यशेत म्हणजे जिथं ज्वारीऐवजी काचेची पॅनेलं उभी असतात आणि वीज पिकते. पॅनेलांना सावली चालत नाही, म्हणून झाडं नाहीत. घरं एकमेकांपासून इतकी लांब, की शेजारी साखर मागायला गेलात तर परत येईपर्यंत चहाची इच्छा मरते. आई-बाबा दिवसभर पॅनेलांच्या ओळींत असतात. घरात मी आणि टीव्ही. टीव्ही माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

त्यावर दर शनिवारी ‘काळवाटेचे प्रवासी’ लागतं. ही इतिहासाची साहसमालिका आहे. एक बहीण आणि एक भाऊ जुन्या काळात उतरतात, संकटात सापडतात, आणि सुटता सुटता आपल्याला इतिहास शिकवतात. सध्या ते सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं मागं होते. कोकणातून जुन्नरकडं चढणारा नाणेघाट, मालानं लादलेले बैल, आणि वर दगडी रांजणाशेजारी बसलेला हत्ती. तो सोंडेनं नाणं दगडावर आपटून खरं-खोटं ओळखायचा. एका व्यापाऱ्याला तर त्यानं सुट्टे नाहीत म्हणून परत कोकणात पाठवलं. मला ते पटलं होतं.

मधल्या सुट्टीत नाझनीन मुलाणीचा चौकोन उजळला. ती सूर्यशेताच्या दुसऱ्या टोकाला राहते. वर्गात आपणहून माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

"काय फेकलीस रे बाईंना? मीपण बघते ती मालिका. एक हत्ती नाही तिच्यात."

"मग काय आहे?"

"जेवण. या शनिवारी क्षत्रपांचं सैन्य चालून आलं. सातवाहन म्हणाले, आधी बसा. मग पंगत बसली. दोनदा वाढप झालं, आणि सैन्य ढेकर देत परत गेलं."

"असं कुठं युद्ध असतं का?"

"आणि चष्मेवाला हत्ती असतो?"

"खोटारडी."

"टिंगल करतोयस ना माझी? ठीक आहे." आणि तिचा चौकोन काळा झाला.

दुसऱ्या दिवशीही तो काळाच राहिला. त्यानंतर मी रोज डबा त्या काळ्या चौकोनासमोर बसून खाल्ला. एकदा लोणचं हवंय का, असंही विचारलं. चौकोनाला नको होतं.

त्याच आठवड्यात बाबांची आत्या, इंदूआज्जी, राहायला आली. आज्जी शास्त्रज्ञ आहे. टीव्हीला माणसाची आवड ओळखायला ज्यांनी शिकवलं त्यांच्यात ती होती. तिच्या स्वतःच्या घरी टीव्ही नाही.

"आज्जी," मी म्हणालो, "आम्ही दोघांनी एकच भाग बघितला. मला हत्ती दिसला आणि तिला जेवण. मग खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही, लेका. तुमचा भाग एक नव्हताच." आज्जीनं टीव्हीच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"टीव्हीचा डोळा."

"तू टीव्ही बघतोस तेव्हा हा तुला बघतो. तू पुढं सरकलास, हसलास, पापणी मिटायची विसरलास, की हा समजतो, आवडलं. मग पुढचा भाग तुझ्यापुरता नव्यानं बनवतो. पोरगी जेवायच्या वेळेला टीव्ही लावत असणार. पंगत दिसली की तिचे डोळे मोठे होत असतील."

"पण मला हत्ती आवडतात हे त्याला सांगितलं कुणी?"

"तूच. पहिला भाग लाव."

टीव्ही आपण बघितलेलं सगळं जपून ठेवतो. पहिल्या भागात एक मिरवणूक होती आणि तिच्या अगदी शेवटी, धुळीत, उंदराएवढा दिसणारा एक हत्ती.

"हा खरा," आज्जी म्हणाली. "नाणेघाटातल्या लेण्यात एक शिलालेख (दगडात कोरलेला मजकूर) आहे. यज्ञात काय काय दान दिलं ते त्यात लिहिलंय. गाई, घोडे, आणि हत्तीसुद्धा. तेवढ्यावरून मालिकावाल्यांनी हा एक दाखवला."

दुसऱ्या भागात हत्ती पुढं आला होता. तिसऱ्यात तो बोलू लागला. पुढच्या भागात त्याला नोकरी लागली.

"आणि चष्मा?"

"आठव. एखादा चष्मेवाला माणूस हत्तीशेजारी उभा होता का? तू हसला असशील."

सातवाहनांच्या काळात चष्मे नव्हते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण प्रवाशांतल्या भावाला चष्मा होता, आणि तो हत्तीशेजारी उभा राहिला तेव्हा मी हसलो होतो हे खरं होतं.

मला नीट कळावं म्हणून आज्जीनं बाबांचा सूचना द्यायचा कर्णा आणि माइक अंगणात मांडला. "आता माइक कर्ण्याच्या तोंडासमोर धर आणि त्याच्यावर हळूच नखानं टक कर."

मी टक केलं. टक माइकमध्ये शिरलं, तारेतून कर्ण्यात गेलं आणि मोठं होऊन बाहेर पडलं. बाहेर पडलेलं परत माइकमध्ये शिरलं, आणखी मोठं होऊन बाहेर आलं, परत शिरलं. एवढ्या छोट्या टकची कानठळ्या बसवणारी कुईं झाली.

"याला प्रतिसादचक्र म्हणतात!" आज्जी ओरडली. (यंत्रातून निघालेलं परत त्याच यंत्रात शिरतं आणि फेरीगणिक वाढत जातं, ते प्रतिसादचक्र.)

सूर्यशेताच्या यंत्राला तो वादळाचा भोंगा वाटला. क्षितिजापर्यंतची सगळी पॅनेलं एका दमात मिटली. बाबा धावत घरी आले. दिवसाउजेडी घरात उभे असलेले बाबा मी कितीतरी महिन्यांनी बघत होतो. ते जरा वेगळेच दिसत होते. काय झालं ते ऐकून घेऊन, पाणी पिऊन, ते परत गेले.

"आता सांग," आज्जी म्हणाली. "कर्णा म्हणजे पडदा. माइक म्हणजे टीव्हीचा डोळा. मग टक म्हणजे?"

"धुळीतला हत्ती."

"शाब्बास."

"आणि मी कोण?"

"तू मधली हवा. तुझ्यातूनच तर तो फिरतोय."

मला जरा वाईट वाटलं. "मग खरं काय झालं ते कळायचं कसं?"

"दगडाकडं जायचं. दगड तुझ्याकडं बघत नाही, बिरू. तू हसलास म्हणून त्याच्यावरचं एक अक्षर हलत नाही. आज तू वाचलंस आणि उद्या तिनं वाचलं, तरी तेच. नवा पुरावा सापडला की आपलं म्हणणं बदलतं, कुणाला आवडलं म्हणून नाही."

"आणि हे चक्र थांबवायचं कसं?"

आज्जीनं माइकवर तळहात ठेवून दाखवला.

आम्ही आज्जीच्या गाडीतून नाझनीनच्या घरी गेलो. दोन्ही बाजूंना नुसत्या काचा, आणि प्रत्येक काचेत आमचीच गाडी. दार नाझनीननंच उघडलं. तिचे हात कणकेनं भरले होते.

"तू एवढाच आहेस?" ती म्हणाली.

"वर्गात मी उशीवर बसतो."

ती दारातून हलली नाही. मी वाटभर पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. "मी टिंगल करत नव्हतो. हत्ती होता. पण तो फक्त माझ्यापुरता होता. आणि तुझी पंगत फक्त तुझ्यापुरती."

"म्हणजे आपण दोघं खरं बोलत होतो?"

"नाही. आपण दोघं चूक बोलत होतो. पण खोटं नाही."

तिनं विचार केला आणि ती बाजूला झाली.

आधी आम्ही तिचा टीव्ही डोळा उघडा ठेवून लावला. त्याला समोर दोघं दिसले. मग हत्तींची पंगत बसली, सैन्याला वाढायला काही उरलं नाही, आणि सैन्य खरोखरच चिडलं. नाझनीननं कणकेचा गोळा घेतला आणि टीव्हीच्या डोळ्यावर थापला.

"समोर कोण आहे?" टीव्हीनं विचारलं.

"कुणी नाही," नाझनीन म्हणाली.

"ठीक आहे," टीव्ही म्हणाला, आणि त्यानं कुणासाठीच नसलेला भाग लावला.

त्यात बैल घाट चढत होते. बराच वेळ चढत होते. वर वारा होता, आणि एकटा दगडी रांजण. प्रवाशांतल्या बहिणीनं विचारलं, हा कशाला? निवेदक म्हणाला, "यात जकातीची नाणी टाकत, असं म्हणतात. नक्की माहीत नाही."

टीव्हीला ‘माहीत नाही’ म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या शांततेत मला नाझनीनचा श्वास ऐकू आला. तो कुठल्याही माइकमधून येत नव्हता.

"पाण्याचा असणार," ती म्हणाली.

"जकातीचा."

"अरे, नाणी असली तर वरून झाकण नको?"

"पहारेकरी असतील की."

"मग पहारेकऱ्यांना तहान लागत नाही?"

सोमवारी मधली सुट्टी व्हायच्या आधीच तिचा चौकोन उजळला आणि तिनं तोच प्रश्न परत विचारला. मंगळवारी मी उत्तर शोधून आणलं. बुधवारी तिनं ते मोडीत काढलं.

शेवटी आज्जी म्हणाली, "पुढच्या महिन्यात गाडी काढते. दोघं जाऊन बघा तो रांजण, मापं घ्या, आणि मग भांडा."

खिडकीशी कोण बसणार ते अजून ठरायचंय. नाझनीन म्हणते ती, कारण तिला गाडी लागते. मलाही लागते, असं मी तिला कळवलंय. मला आजवर कधी गाडी लागलेली नाही. पण एवढ्या लांब मी आजवर कुणाबरोबर गेलेलोही नाही.