मी येईपर्यंत इथंच बस

ही घटना माझ्यासोबत घडलेली आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही, पण पदरचं काही घातलेलं नाही.

माझं नाव तन्वीर. राहायला कुसगाव. लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. टायगर पॉइंट, भुशी डॅम, कार्ल्याची लेणी... सगळे पॉइंट डोळे झाकून दाखवीन. पावसाळ्यात पाण्यात उतरणाऱ्या पोरांवर सगळ्यात जास्त ओरडणारा ड्रायव्हर मीच. पाण्याशी मस्ती करू नका, हे दिवसातून दहा वेळा सांगतो.

म्हणून तर जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. रविवार. पौर्णिमेचा दुसरा दिवस. आणि रात्र वगैरे काही नव्हती. लख्ख सकाळ होती.

माझ्या अम्मीने, अजीजुन्निसाने, बासष्ट वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. घाट उतरला की तीन-साडेतीन तासांवर समुद्र, आणि मुलगा ड्रायव्हर. लोकांना फिरवतो आणि आई घरात, असं माझी बायको शहिस्ता मला येता-जाता ऐकवायची. शेवटी एकदाचं ठरवलं. आधी समुद्र, मग फणसाडचं अभयारण्य, कारण माझ्या आठ वर्षांच्या सुमय्याला शेकरू बघायचं होतं. येताना एखादी बाग, तिथे जेवण, आणि संध्याकाळी घरी.

पहाटे साडेतीनला निघालो. अलिबागच्या पुढच्या एका छोट्या किनाऱ्यावर सातला पोहोचलो. गावाचं नाव लिहीत नाही.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी खूप आत गेलेलं.

"पानी लय लांब हाय रं," अम्मी हिरमुसून म्हणाली.

तिचे दोन्ही गुडघे गेलेले. वाळूत दहा पावलं चालणं म्हणजे शिक्षा. मग मी डिकीतली प्लास्टिकची खुर्ची काढली, अम्मीला पाठीवर घेतलं आणि पाण्याजवळच्या एका सपाट खडकावर नेऊन बसवलं. पाणी तिथूनही पन्नास पावलं पुढे होतं. अम्मी एकदम खूश झाली.

जंगलात तिला चालणं शक्य नव्हतं. तीच म्हणाली, तुमी जा, मी हितंच बसते, पोटभर बघते. मी पाण्याची बाटली दिली, छत्री दिली.

आणि म्हणालो, "अम्मी, हलू नकोस. मी येईपर्यंत इथंच बस."

हे माझे शब्द आहेत.

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. शाळेत शिकलो होतो. पण आम्हा मावळातल्या लोकांचं पाणी म्हणजे धरण. पाऊस पडला की वाढतं. ऊन असेल तर जिथं आहे तिथंच राहतं. मी आभाळाकडे बघितलं. एक ढग नव्हता.

मी निर्धास्त निघालो.

अभयारण्य गाडीने वीस मिनिटांवर होतं. आठ वाजता आत शिरलो. सुमय्या पुढे पळत होती. तासभर छान गेला.

मग माझ्या लक्षात आलं... पक्ष्यांचे आवाज बंद झाले होते.

एकही नाही. वाऱ्याने पानसुद्धा हलत नव्हतं.

आणि कुठून तरी आवाज येत होता... कुणीतरी उथळ पाण्यात पाय हलवतंय असा.

जवळपास ओढा असेल, असं मी म्हणालो. शहिस्ता म्हणाली, तिला काहीच ऐकू येत नाही.

पाच मिनिटांनी पाय जड वाटले. खाली बघितलं...

माझे मोजे ओले होते.

फेब्रुवारीतलं जंगल. खाली कुरकुरीत पाचोळा. मी कुठल्या डबक्यातही पाय घातला नव्हता. दव असेल म्हणून पुढे चालत राहिलो. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो बघा.

थोड्या वेळाने शहिस्ता मागून म्हणाली, "अहो, पँट कशाने भिजली तुमची?"

गुडघ्यापर्यंत.

मी हात लावला. बोटं जिभेला लावली...

खारट.

तेव्हा कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही. डोळ्यांसमोर अम्मी खुर्चीत बसलेली दिसली.

सुमय्याला उचललं आणि गाडीकडे पळत सुटलो. फोनला रेंज नव्हती. अम्मीकडे फोन होता, पण तिला फक्त आलेला उचलता येतो. तसंच तिला ठेवलं होतं मी. गाडी कशी हाकली ते आठवत नाही. वळणावर दोनदा रस्ता सोडला. शहिस्ता मागे रडत होती, आणि मी एकच घोकत होतो... अम्मी उठ, अम्मी उठ, माझं ऐकू नकोस.

ती माझं ऐकणार हे मला माहीत होतं. तिने आयुष्यात कधी माझा शब्द मोडला नव्हता.

पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं. सीट भिजली. शर्टाची खालची बटणं भिजली.

किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मी छातीपर्यंत ओला होतो.

आणि खडक नव्हता.

जिथे सकाळी गाडी वळवली होती, त्या वाळूवर लाटा फुटत होत्या. सगळीकडे पाणी. मी अम्मी अम्मी ओरडत सरळ आत शिरलो. नंदाबाई नावाच्या नारळपाणीवाल्या बाई नुकत्याच दुकान उघडत होत्या. त्या धावत आल्या आणि मागून माझा शर्ट धरला. साडेबारापर्यंत पाणी चढतच राहणार, पुढे जाऊ नका, असं सांगत होत्या. मी त्यांना नको ते बोललो.

तेवढ्यात सुमय्या म्हणाली, "पप्पा, दादी तिकडं आहे."

सुरूच्या झाडांखाली. खुर्चीत. छत्री मांडीवर.

मी जाऊन पायावर पडलो. पाय चाचपले, साडी चाचपली...

कोरडी. काठसुद्धा कोरडा. मी नखशिखांत गळत होतो आणि अम्मीच्या अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

मी तिला कुणी आणलं म्हणून विचारलं. नंदाबाईंनी मान हलवली. त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं.

अम्मी माझ्याकडे बघतच नव्हती. ती समुद्राकडे बघत होती.

"तिला आन," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. पाणी आधी मागून आलं. मधल्या खोलगट जागेत भरलं, म्हणून परत फिरायची वाट गेली. तिने हाका मारल्या. पाणी खडकावर चढलं, तेव्हा एक बाई समोर आली. नऊवारी नेसलेली, अम्मीच्याच वयाची. तिने अम्मीला पाठीवर घेतलं, एका हातात खुर्ची धरली आणि झाडांपाशी आणून बसवलं. बोलणं आपल्याकडचं. गाव कान्हे सांगितलं, आमच्या मावळातलंच.

"मला म्हनली, तुज्या पोराला पान्याचं कळत न्हाई, बाई. माज्याला बी कळलं न्हाई." अम्मीने खडकाच्या दिशेने बोट केलं. "मी म्हनलं, बस माज्यापाशी. तर म्हनली, न्हाई, माजं प्वार मला खडकावर हुडकंल. त्यानं तितंच बसाय सांगितलंय. आन गेली परत. बघ, ती बघ तितं, गळ्यापतुर पानी आलंय तिच्या."

मी बघितलं. पाणी होतं फक्त.

"ती गेली न्हाई अजून, तन्वीर. जा की. बसलीया ती."

मी अम्मीला आयुष्यात असं गयावया करताना पाहिलेलं नाही. माझ्या शर्टाला दोन्ही हातांनी धरून ती हिसडत होती. उठायला बघत होती आणि त्या गुडघ्यांनी परत पडत होती. शहिस्ता तिला धरून बसली. सुमय्या, अम्मी दाखवत होती तिथेच टक लावून बघत होती.

मी गेलो.

नंदाबाईंनी नारळ बांधायचा दोर माझ्या कमरेला बांधला. कमरेइतक्या पाण्यातून छातीइतक्या पाण्यात गेलो. पायाला खडक लागला. तोच सपाट खडक. लाट तोंडावर आली. इकडेतिकडे हात फिरवला.

आणि परत आलो.

कुणी नाही तिथे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

अम्मी घाट चढेपर्यंत रडत होती. आज वर्ष झालं. मी तिला खडकावर सोडून गेलो, याबद्दल ती एका शब्दाने बोललेली नाही. सून काही बोलली तर तिलाच गप्प करते. पण मी परत फिरलो, हे तिने माफ केलेलं नाही. जेवायला वाढते आणि उठून जाते.

कान्ह्याला माझं भाडं असतं अधूनमधून. स्टेशनपाशी माणूस सोडतो आणि गाडी वळवतो. गावात जाऊन चौकशी करावी असं दरवेळी मनात येतं. कितीतरी वर्षांपूर्वी आईला खडकावर ठेवून समुद्रावरून एकटाच परत आलेला कुणी म्हातारा तिथे राहत असेल आणि दार त्यानेच उघडलं तर काय बोलू, हे सुचत नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. इथे नाव-गाव लिहून मोकळा होतोय, कारण आता सहन होत नाही.

खडकावर मी हात फिरवला तेव्हा... कुणीतरी माझं मनगट धरलं.

म्हातारा हात. काचेच्या बांगड्या. गार.

आणि अगदी कानाशी आवाज आला...

"आलास व्हय रं? लय येळ लावलास."

तिने ओढलं नाही. मला बुडवायला बघितलं नाही. नुसतं धरलं होतं, रस्ता ओलांडताना आई धरते तेवढंच. तिला फक्त बाहेर यायचं होतं.

मी हात झटकला. एकदा नाही, सुटेपर्यंत झटकला.

अम्मी कधीकधी संध्याकाळी विचारते, तितं खरंच कुणी नव्हतं का रं.

मी नाही म्हणतो.