समोरची गाडी

वायरमन माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला, म्हणून सांगतो. ऐकीव नाही.

गेल्या डिसेंबरातली अमावस्या, मंगळवार. बंद पडलेलं ते स्टेशन हल्ली खताचं गोदाम झालंय ना, तिथली वायर जळली होती. सकाळी ट्रक लागणार, म्हणून हा जेवून लगेच निघाला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मी येऊ?"

"तू आलास की पक्कड मलाच शोधावी लागते. झोप तू."

त्या स्टेशनची हकीकत तुम्हा पोरांना ठाऊक नसेल. रूळ एकच. समोरची गाडी फलाटाला लागल्याशिवाय इकडची सोडायची नाही, हा नियम. एका रात्री मास्तरने वाट न बघता गाडी सोडली. पुढच्या वळणावर दोन्ही गाड्या... असो. मास्तरची नोकरी गेली, पण तो तिकीटघरातून हलेना. तिथेच वारला. पुढे लाइनही बंद झाली, रूळ उचलले.

"काका, मास्तर दिसला त्याला?"

"दिसला असता तर बरं झालं असतं. ऐक."

काम झालं. मुसाफिरखान्यातला दिवा लागला. वायरमनने पिशवी उचलली, दार ओढलं. उघडेना. कडी तर काढलेली होती. खिडक्यांना गज. त्याने खांदा लावला. दार हललंसुद्धा नाही.

तिकिटाच्या खिडकीमागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बसा. समोरची यायचीय."

खिडकीमागे पोती होती. छपरापर्यंत. माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती.

त्याने दार ठोकलं. हाका मारल्या. पुन्हा तेच, तितक्याच अदबीने.

"समोरची आल्याशिवाय सोडता येत नाही."

त्याने फोन काढला, भावाला लावला. "दार अडकलंय. ये." एवढंच. नियम त्याला पाठ होता रे. त्याचे सासरे त्याच लाइनवर होते. पण त्या घटकेला... सुचलं नाही.

मोटरसायकल आली. फलाटाशी थांबली. बाहेरून भावाचा आवाज.

"दादा, दार तर सताड उघडं आहे."

तेव्हा याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आत येऊ नकोस..."

भावाचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं होतं.

वायरमन फलाटावर उभा होता. कसा, ते त्याला सांगता येत नाही. मागे दार बंद. आतून भाऊ.

"दादा, उघड ना."

मग... काहीच नाही.

उजाडता उजाडता आम्ही दार फोडलं. दिवा जळत होता. पोती होती. भाऊ नव्हता. पोलीस आले, गेले.

पुढे नवं दार बसवलं. आता भाऊ सुटावा म्हणून वायरमन रोज संध्याकाळी आत जाऊन बसतो. पण तो आत असला की दार लागतच नाही.

मोटरसायकल अजून तिथेच आहे. त्यांची आई हलवू देत नाही. म्हणते, परत येताना लागेल त्याला.

धूळ बसलीय, टाकी कोरडी. परवा मी सहज इंजिनवर हात ठेवला.

चटका बसला.