काळ्या यादीतला सर्व्हर

"सख्ख्या भावानं माझा गळा कापला, ताई!" म्हणत पाहुणा खुर्चीत कोसळला, आणि बाळूच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं. बाळू म्हणजे गुप्तहेर ताईंचा धाकटा भाऊ. गाडी उत्तम चालवायचा, डोकं जरा बेतानं.

पाहुणा घरातच, कपड्यांच्या कपाटाशेजारी, स्वतःचा ईमेल सर्व्हर, म्हणजे पत्रांची ने-आण करणारा संगणक, चालवत असे. गिऱ्हाइकं मोजकीच, त्यांत ताईही. आता मोठ्या ईमेल कंपन्यांनी त्याला काळ्या यादीत टाकलं होतं. 'न मागितलेली पत्रं तुमच्याकडून ढिगानं येतात,' एवढंच कारण. गिऱ्हाइकांचं एकही पत्र बाहेर पोचेना.

"सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे. गेल्या महिन्यात तो भांडून दुसरीकडे नोकरीला लागला, आणि हे सुरू झालं. संध्याकाळी त्याच्या नव्या कचेरीत तक्रार करतोय. जाऊ दे त्याची नोकरी!"

"संध्याकाळपर्यंत कळ काढा," ताई म्हणाल्या.

धाकटा नव्या कचेरीच्या जिन्यात भेटला. "तो सर्व्हर मी दादासोबत उभा केलाय. त्याला नख लावीन मी?" त्याचे डोळे भरून आले. बाळूला ते नाटक वाटलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई या सर्व्हरवरच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक. त्या उखडल्याच. "मी कशाला पाठवू? उलट मलाच फसवी पत्रं येतात. परवा तर माझ्याच नावानं मला आलं!"

शेवटी सगळ्यात नवं गिऱ्हाईक, पाहुण्याचे सासरे, नुकतेच निवृत्त झालेले हेडमास्तर. सर्व्हरवरच्या गिऱ्हाइकांची आपापसातली पत्रं अजून पोचत होती. फाटकातूनच ताईंनी फोनवर ईमेल केला: 'येऊ का?' लगेच उत्तर आलं: 'आपले पत्र मिळाले. आभारी आहे. सविस्तर लवकरच.'

"काय अगत्य!" बाळू भारावला.

मास्तर मागच्या बागेत होते, हात कोपरापर्यंत चिखलात. "या, या! जावईबापूंनी गेल्या महिन्यात मला ईमेलचा पत्ता दिला. मी तो जगभर वाटला!"

ताई त्यांना घेऊन थेट पाहुण्याच्या घरी, सर्व्हरच्या खोलीत आल्या. धाकट्यालाही बोलावलं. भाऊ एकमेकांकडे बघेनात.

"मास्तर, हात चिखलात असताना मला उत्तर कुणी लिहिलं?"

"आपोआप जातं. मीच लावलंय. आलेल्या पत्राला पोच द्यायलाच हवी."

"फसव्या पत्रालाही?"

"पत्र ते पत्र!"

"डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच नावानं पत्र आलं. म्हणजे ठग दुसऱ्यांचे पत्ते चोरून वापरतात. तुमची पोच जाते त्या पत्त्यांच्या खऱ्या मालकांना. त्यांनी तुम्हाला कधी लिहिलेलंच नसतं. पत्ता जगभर वाटलात, फसवी पत्रं ढिगानं आली, पोचही ढिगानं गेली. यात कुणाच्या पासवर्डची गरजच पडली नाही."

पाहुण्यानं ती सोय बंद केली. पडद्यावरची बाहेर जाणाऱ्या पत्रांची धावपळ थांबली. मास्तर ओशाळले.

पाहुण्यानं मोठा सुस्कारा सोडला. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"यादीतून नाव काढायचा अर्ज मला धड लिहिता येत नाही रे," पाहुणा भावाला म्हणाला.

"माहितीय," धाकटा म्हणाला. "सरक तिकडं."