एक दिवसाआडचा पाइप

आधीच सांगतो, ज्याला पटणार नाही त्याने खुशाल पान उलटावं. कुणाला घाबरवायची मला हौस नाही. पण ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट आहे, आणि तिचा अर्धा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

यात मध्यरात्र नाही की अमावास्या नाही. जे घडलं ते वसईत, आमच्या वाडीत, चर्चच्या संध्याकाळी सातच्या घंटेनंतर. घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असताना.

सिप्रियनमामा पानवेल आणि केळी करायचा. त्याचा थोरला भाऊ व्हॅलेरियन तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता. बोट सोडून तो घरी आला, तेव्हापासून दोघे भाऊ रोज संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर पाइप ओढत बसत.

आणि वाद एकच.

थोरल्याचा पाइप ब्रायरचा, म्हणजे एका विलायती झुडपाच्या मुळाच्या लाकडाचा. जड, तांबूस, दांडीवर त्याच्या दातांच्या खुणा. मामाचा पाइप मक्याच्या कणसाचा. दाणे काढल्यावर जे बुरकुंड उरतं, ते कोरून केलेला. थोरलाच बोटीवरून पुडकी भरून आणायचा, आणि देताना वर तोंडसुख घ्यायचा.

"चुलीत घालायची वस्तू तोंडात घालतोस, सिप्र्या. वर्ष-दीड वर्षात बूड जळून भोक पडतं. माझा बघ, मला पुरून उरेल."

"उरेल, पण त्याचे नखरे किती, दादा. नवा असताना महिनाभर कडू. वर एक दिवस ओढला की एक दिवस सुट्टी. माझा पहिल्या दिवसापासून गोड. हलका इतका, की तोंडात धरून दोन्ही हातांनी पानं खुडता येतात."

सुट्टीचं मात्र खरं होतं. ब्रायर आतून ओला होतो. मध्ये एक दिवस वाळू दिला नाही तर आंबतो. म्हणून थोरला तो एक दिवसाआड ओढायचा.

आणि मधल्या दिवशी?

मधल्या दिवशी हात पुढे करायचा. "आज माझा झोपलाय. दे तुझं कणीस."

नावंही ठेवायची आणि तेच ओढायचं. ओढून झालं की कट्ट्याच्या दगडावर राख झाडायची. टक्... टक्... टक्.

नेमके तीन. कमी नाही, जास्त नाही.

१९७७ च्या फेब्रुवारीत थोरला आजारी पडला तो उठलाच नाही. जायच्या आदल्या दिवशी त्याने मामाचं मनगट धरलं. "माझा पाइप माझ्या कोटाच्या खिशात घाल. विसरू नको."

"घालतो, दादा. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी शवपेटी घरात होती. थोरल्याची बायको, रेजिनामामी, हिने पाइप मामाच्या हातात दिला. "तुम्हीच घाला, भावजी. माझा हात धजत नाही."

मामा पेटीवर वाकला. हातात ब्रायर. अंगठा दातांच्या खुणांवर गेला...

आणि त्याला ते जमलं नाही.

आपल्या खिशातला कोरा, एकदाही न पेटवलेला कणसाचा पाइप काढून त्याने भावाच्या कोटात सरकवला. वरून बटण लावलं. ब्रायर स्वतःच्या खिशात. कुणाला कळलं नाही.

हाव होती का? थोडी होती, मामा स्वतःच कबूल करायचा. पण भावाची तेवढीच एक वस्तू उरली होती, हेही खरं.

ब्रायर त्याने विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत, बिस्किटाच्या डब्यात लपवला. घरात ओढायची सोय नव्हती, मामीने लगेच ओळखला असता. मग खोलीचं दार लोटून, एक दिवसाआड, तिथेच.

पावणेतीन वर्षं काही झालं नाही.

१९७९. दोन नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस. मामा भावाच्या थडग्यावर फुलं घालून, मेणबत्ती लावून परत आला. सातची घंटा झाली. त्याने पंपाच्या खोलीत जाऊन डबा उघडला.

पाइप उचलला... आणि हात थबकला.

पाइप गरम होता.

आदल्या दिवशी त्याने तो ओढला नव्हता. दिवसभर डब्याला हात लागला नव्हता. वास घेतला तर आंबूस. जणू मधली सुट्टी त्याला कुणी दिलीच नव्हती.

मामाने मनाची समजूत काढली. पत्र्याचं छप्पर, उन्हाने तापलं असेल.

पण मग तंबाखू कमी व्हायला लागला. मामाने डब्याला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या कुर्साच्या, म्हणजे क्रॉसच्या, दोऱ्यात ओवली. तरी आठवड्याला मूठभर तंबाखू जायचाच.

एका संध्याकाळी तो घरात गुडघे टेकून रोझरी म्हणत होता. बाहेर वारा नव्हता. केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

विहिरीकडून आवाज आला.

टक्...

टक्...

टक्.

मामाची जपमाळ हातातच राहिली. धावत गेला. कट्ट्यावर कुणी नव्हतं. दगडावर चिमूटभर राख होती. त्याने बोट लावलं, तर चटका बसला.

दुसऱ्या दिवशी तो तडक मामीच्या स्वयंपाकघरात गेला. सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवून गेला होता. मामीने चहा पुढे ठेवला आणि आपणहून म्हणाली, "भावजी, बाकी काही नाही, त्यांचा पाइप त्यांच्याबरोबर गेला, एवढं एकच समाधान आहे मला."

ठरवलेलं सगळं मामाने पोटातच ठेवलं. चहा पिऊन, पाय घासत तो परत आला.

अशी आणखी अडीच वर्षं गेली. मामा वाळत चालला. ब्रायर त्याने ओढणं सोडलं, पण रोज बघायला जायचा. रोज गरम.

१९८२ च्या मे महिन्यात चर्चमधून निरोप आला. आमची दफनभूमी लहान. काही वर्षांनी जुनं थडगं उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि जागा दुसऱ्याला देतात. आता थोरल्याची पाळी होती.

मामाने हिशोब केला. कणीस मातीत कुजलं असेल, त्याचा प्रश्न नव्हता. पण ब्रायर कुजत नाही. मामी विचारणार, पाइप कुठाय? त्याने ठरवलं, ब्रायर खिशात न्यायचा आणि संधी साधून गुपचूप खड्ड्यात टाकायचा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, मामाच्या शेजारीच उभा होतो. सकाळचे अकरा, डोक्यावर ऊन. खड्ड्यात उतरलेला ज्युलियस, चर्चचा कबर खणणारा, एकेक हाड वर देत होता. मामी ते पांढऱ्या कपड्यावर घेत होती. मामाचा हात खिशात होता.

"हे काय?" खालून ज्युलियस म्हणाला.

त्याने वर केलेल्या हातात कणसाचा पाइप होता.

पाच पावसाळे मातीत काढलेला. कुजला नव्हता. दांडी पिवळीच्या पिवळी. पण तंबाखू भरायची वाटी काळीठिक्कर, आणि बूड जळून आरपार गेलेलं. ज्युलियसने आत बोट घातलं तर ते खालून बाहेर आलं.

मामाने तो कोरा घातला होता.

मामीने पाइप बराच वेळ निरखला. मग हळूच म्हणाली, "हा तर तुमचा, भावजी."

मामा खाली बसला. खिशातून ब्रायर काढून त्याने मामीपुढे धरला. मामीने हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. टोकं लाल झाली होती.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मामा पुढे म्हणायचा. ब्रायर तिने हाडांबरोबर कपड्यात गुंडाळला आणि एवढंच बोलली. "कणसावर दिवस काढले त्यांनी. तेही संपलं, तेव्हा घरी मागायला आले असतील."

कोनाड्याचं झाकण लागलं. त्या संध्याकाळी वाडी शांत. मामा कितीतरी वर्षांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सातची घंटा झाली.

टक्... टक्... टक्.

मी मामाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसूही होतं. "काल ब्रायर ओढला असणार," तो म्हणाला. "आज त्याची सुट्टी."

त्याने आपला कणसाचा पाइप भरला, कट्ट्यावर ठेवला, शेजारी काडेपेटी ठेवली आणि मागे वळून न बघता घरात आला. सकाळी वाटीत राख होती.

तेव्हापासून एक दिवसाआड हा नेम. बूड जळालं की नवा पाइप. थोरल्यानेच आणलेल्या पुडक्यांतला.

१९८६ मध्ये मामा गेला. जाण्याआधी त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कोरे पाइप दिले. "एवढेच उरलेत. दादाला ताटकळत ठेवू नको."

मी शब्द दिला. आमच्या घरात दिलेला शब्द मोडला की काय होतं ते पाहिलंय मी.

आज १९८९. मी आयुष्यात तंबाखूला तोंड लावलेलं नाही. तरी पाइप कसा भरायचा, किती दाबायचा, सगळं मला येतं. एकदा तापाने पडलो होतो, नेम चुकला. तेव्हा आवाज विहिरीवरून आला नाही. माझ्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर आला. तीनदा.

दोन पाइप जळून गेले. तिसरा जळायच्या आत नवे आणावेत म्हणून मुंबईत फोर्टमधली दुकानं पालथी घातली. कणसाचे कुठेच मिळाले नाहीत. शेवटी एक नवाकोरा ब्रायर आणून ठेवला. सकाळी पाहिलं, तंबाखू तसाच. फक्त दांडीवर दातांची एक खूण होती. कडू लागला असेल.

काल तिसऱ्या कणसाच्या वाटीत बोट घालून पाहिलं. बूड कागदाएवढं उरलंय.

आज मधला दिवस आहे. घंटा व्हायला दहा मिनिटं आहेत, आणि मला पाइप भरायचाय.